पंखा खडकाला लागल्यावर: आऊटबोर्ड आणि आऊटड्राइव्हची तपासणी आणि दुरुस्ती, पहिल्या मिनिटापासून

कोकणात बोट चालवणाऱ्याला खडप, वाळू आणि जाळं ही तिन्ही कायम चुकवता येतीलच असं नाही. मालवण बंदरातून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना दोन्ही बाजूंना खडक आहेत, सुकतीला त्यातले काही वर दिसतात आणि भरतीला सगळे पाण्याखाली, देवबागला कर्लीच्या मुखाशी वाळूचा पट्टा पावसाळ्यानंतर कुठे सरकलाय ते दरवर्षी नव्याने बघावं लागतं, आणि खाड्यांमध्ये डोल जाळ्याचे मोडके खुंट पाण्याखाली राहिलेले असतात ते वेगळंच. म्हणजे पंखा, अर्थात प्रोपेलर, कधी ना कधी लागणार. लागल्यावर बहुतेक ठिकाणी काय होतं, तर होडी किनाऱ्याला घेतात, पातं वाकलेलं दिसतं, ते हातोडीने ठोकून सरळ करतात नाहीतर नवीन पंखा चढवतात आणि दुसऱ्या दिवशी परत धंद्याला. मग काही आठवड्यांनी भर पाण्यात माणसं घेऊन जाताना गिअरबॉक्स जातो आणि तेव्हा त्या जुन्या ठोकरीची कुणाला आठवणही नसते.

मार पंख्याला बसतो पण तो पंख्यात थांबत नाही हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. पात्यातून हबमध्ये, म्हणजे पंख्याच्या मधल्या भागात, हबमधून शाफ्टवर, शाफ्टवरून गिअरच्या दातांवर, तिथून उभ्या शाफ्टने वर इंजिनापर्यंत, आणि दुसऱ्या वाटेने गिअरबॉक्सच्या बॉडीतून ब्रॅकेटवर आणि शेवटी बोटीच्या मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर. तपासणी पण याच वाटेने, याच क्रमाने करायची, एक पायरी गाळायची नाही. खाली मी मुख्यतः आऊटबोर्डबद्दल, म्हणजे ट्रान्समला बाहेरून टांगलेल्या इंजिनाबद्दल, लिहिलंय कारण आपल्याकडे स्कूबाच्या, डॉल्फिनच्या आणि छोट्या मासेमारीच्या होड्यांवर तीच असतात, आऊटड्राइव्हचं वेगळं पुढे येईल.

ठोकर बसली त्या क्षणी

थ्रॉटल बंद, न्यूट्रल, इंजिन बंद. या क्रमाने आणि लगेच. मग आधी माणसं बघा, ठोकरीने पुढे उभा असलेला माणूस पाण्यात जाऊ शकतो, डोकी मोजा, कुणाला लागलंय का विचारा. त्यानंतर होडीच्या तळाला पाणी येतंय का ते हात घालून बघा, विशेषतः मागच्या बाजूला जिथे इंजिन बसतं तिथे. पाणी जोरात येत असेल तर इंजिनाचा विचारच सोडा, लाइफ जॅकेट घट्ट करा आणि मदत बोलवा, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६, फोनला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४. वारा किंवा ओढ खडकाकडे असेल तर आधी नांगर टाका, कारण दुसरी ठोकर पहिलीपेक्षा वाईट असते.

सगळं ठीक असेल तर इंजिन वर उचलून पंखा बघा. पाती शाबूत आहेत का, जाळं किंवा दोर गुंडाळलाय का, गिअरबॉक्सला चीर दिसते का, आणि पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरतोय का. तवंग दिसला म्हणजे गिअर ऑइल बाहेर जातंय, तेव्हा ते इंजिन गिअरमध्ये टाकू नका, दुसऱ्या होडीने ओढून न्या. तवंग नसेल तर सुरू करून आधी न्यूट्रलमध्ये इंजिन गार करणाऱ्या पाण्याची धार येते का बघा, मग फक्त आयडलवर पुढचा गिअर टाका. थरथर थोडी असेल तर हळूहळू या, कडकड आवाज असेल किंवा गिअर निसटत असेल तर बंद करा. अर्धं पातं उडालेला पंखा घेऊन फुल थ्रॉटलने यायचं म्हणजे त्या असमतोल वजनाने सील आणि बेअरिंग दोन्हीची वाट लागते, ठोकरीने जे वाचलं ते तुम्ही स्वतः मारता.

एक गोष्ट इथेच सांगतो कारण पुढे लागेल: ठोकर पुढे जाताना बसली की मागे येताना, ते लक्षात ठेवा. पुढे जाताना खालून मार बसला तर इंजिन वर उडी मारून बराच मार खातं, पण रिव्हर्समध्ये ते वर उडू नये म्हणून लॉक लागलेलं असतं, त्यामुळे मागे घेताना खडकाला बसलेला छोटा मारसुद्धा पूर्ण शाफ्टवर आणि ट्रान्समवर जातो.

सोडायच्या आधी फोटो

विमा असेल तर काहीही खोलायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा, कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत मोडका पंखा, वॉशर, तुटके तुकडे काही फेकू नका. विमा नसला तरी फोटो काढा, स्केग (पंख्याखालचं उभं पातं) किती तुटला आणि मूळ आकार काय होता हे वेल्डिंगच्या वेळी लागतंच.

पंखा काढणं

किल कॉर्ड, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी दोरी, काढा, चावी काढा, स्पार्क प्लगच्या वायरी काढा. पंखा हाताने फिरवताना चुकून इंजिन लागलं तर बोटं जातात, त्यामुळे हे टाळू नका. स्प्लिट पिन सरळ करून काढा, पातं आणि वरची आडवी प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा आणि नट सोडा. हाताने पंखा धरून नट सोडायचा नाही, पात्याची मोडलेली कड सुरीसारखी कापते.

पंखा ओढून घेताना मागे येणारे वॉशर, स्पेसर ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने फडक्यावर मांडा आणि त्याचाही फोटो घ्या. पंख्याच्या आतल्या बाजूचा थ्रस्ट वॉशर उलटा बसला किंवा विसरला तर पंखा थेट गिअरबॉक्सला घासतो. पंखा निघत नसेल तर शाफ्टच्या टोकावर हातोडी मारू नका, हबजवळ गंज सोडवायचं स्प्रे मारून थांबा, पुलर लावा.

आता थ्रस्ट वॉशरच्या मागे बघा. इथे तंगूस सापडतो. जाळ्याचा किंवा गळाचा नायलॉनचा धागा पंख्यामागे शिरतो, फिरून फिरून गरम होतो आणि वितळून शाफ्टभोवती काळी कडक रिंग बनते, ती हळूहळू ऑइल सीलच्या ओठाखाली घुसते आणि सील कापते. वरून काहीच दिसत नाही. नखाने किंवा लाकडी काडीने ती रिंग काढा, लोखंडी टोकाने शाफ्टवर ओरखडा पाडू नका कारण त्याच जागेवर सील टेकतो. ठोकर जाळ्यातल्या खुंटावर झाली असेल तर ही जागा सगळ्यात आधी बघायची.

पंखा: काय घरी होतं आणि काय नाही

ॲल्युमिनियमच्या पात्याच्या कडेला छोटे दाते पडले असतील, पाव इंचाच्या आतले, तर कानशीने घासून गुळगुळीत करा, कडेचा मूळ आकार ठेवून, आणि तिन्ही पात्यांना जमेल तितकं सारखं. कडेला दाता राहिला तर तिथे पाण्याचे बुडबुडे तयार होतात आणि पातं त्याच जागी खायला लागतं.

पातं वाकलं असेल तर हातोडीने अंदाजाने सरळ करू नका. पंख्याचा पिच म्हणजे एका फेऱ्यात तो सिद्धांताने किती इंच पुढे जाईल ते माप, आणि पातं थोडं जरी वेगळ्या कोनात बसलं तरी तीन पाती तीन वेगवेगळ्या पिचने ओढतात, मग थरथर शाफ्टवर. शिवाय ॲल्युमिनियम गरम केलं की लोखंडासारखं लाल होत नाही, रंग न बदलता अचानक ढासळतं, आणि हबमधलं रबर त्या उष्णतेने आधीच गेलेलं असतं. हे काम पिच ब्लॉक (पात्याचा कोन जुळवायचा साचा) आणि बॅलन्सिंग असणाऱ्या वर्कशॉपचं. छोट्या ॲल्युमिनियम पंख्याची नीट दुरुस्ती आणि नवीन पंखा यांच्या खर्चात फार फरक पडत नसेल तर नवीन घ्या, स्टेनलेस किंवा ट्रॉलरचा ब्राँझचा पंखा मात्र दुरुस्तीला द्यायलाच हवा, तो महाग असतो आणि चांगला दुरुस्त होतो. खडपाच्या भागात मी ॲल्युमिनियमच पसंत करतो, कारण ते पातं स्वतः मोडून बराच मार खातं, स्टेनलेस सहज वाकत नाही आणि तो मार पुढे गिअरला देतं.

पातं शाबूत दिसलं तरी हब तपासा. आत रबराची किंवा प्लॅस्टिकची बुशी असते, ती मुद्दाम निसटण्यासाठीच दिलेली असते म्हणजे गिअर वाचतो. ती फिरली असेल तर लक्षण सरळ आहे, थ्रॉटल दिला की इंजिन ओरडतं आणि होडी तशीच. खात्री करायला हबच्या आतल्या भागापासून बाहेरच्या भागापर्यंत पेंटची एक सरळ रेघ मारा, पंखा लावून जोर देऊन चालवा, परत बघा. रेघ तुटली म्हणजे हब फिरतोय. अगदी लहान इंजिनांना हबऐवजी शिअर पिन असते, ती तुटली तर त्याच इंजिनाची तशीच नवीन पिन घाला, खिळा कापून घालू नका. खिळा तुटणार नाही आणि मग गिअर तुटेल.

शाफ्ट वाकलाय का

पंखा काढलेला, न्यूट्रल, शाफ्ट हाताने फिरवा आणि टोकाकडे बघा. डोळ्यांनी टोक डुलताना दिसलं तर शाफ्ट गेला, पुढे मोजायची गरजच नाही. डोळ्यांना दिसलं नाही तर डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप, लावा. गेजचा मॅग्नेट ॲल्युमिनियमच्या बॉडीला चिकटत नाही, त्यामुळे आडव्या प्लेटला सी-क्लॅम्पने लोखंडी पट्टी आवळा आणि स्टँड त्यावर लावा. गेजचं टोक स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टवरच्या लांब खाचांच्या, दातांवर नको, गुळगुळीत भागावर. किती फरक चालतो ते प्रत्येक इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि तो आकडा मिलिमीटरच्या अगदी छोट्या हिश्श्यात असतो, अंदाज चालत नाही. गेज नसेल तर प्लेटला जाड तार बांधून तिचं टोक शाफ्टपासून केसभर लांब ठेवा आणि फिरवा, फट कमीजास्त झालेली लगेच दिसते.

वाकलेला शाफ्ट प्रेसवर सरळ करून देतो म्हणणारे भेटतात. मी नाही म्हणेन. शाफ्ट बदला, सोबत बेअरिंग आणि सील बदला.

फिरवताना हाताला काय लागतंय तेही बघा. एका ठरावीक जागी अडकल्यासारखं होतं, करकर जाणवते, शाफ्ट पुढेमागे नेहमीपेक्षा जास्त सरकतो, ही सगळी बेअरिंग किंवा गिअर दुखावल्याची चिन्हं.

ऑइल

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि खर्च जवळजवळ शून्य. इंजिन उभं ठेवून काही तास, शक्य असेल तर रात्रभर तसंच राहू द्या. पाणी जड, ते खाली बसतं. सकाळी खाली स्वच्छ पांढरी थाळी किंवा कापलेला कॅन धरा आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचा खालचा प्लग थोडाच ढिला करा. आधी पाण्याचे थेंब आले आणि मग ऑइल, तर पाणी आत शिरलंय. ऑइल ताकासारखं पांढरट असेल तर पाणी मिसळून इंजिन चाललेलं पण आहे, म्हणजे सील किंवा जॉइंट गेलेला आहे आणि बेअरिंगला गंज लागायला सुरुवात झालेली असू शकते.

आता खालचा प्लग पूर्ण काढा, मग वरचा. प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते दोन बोटांत चोळा. बारीक करडा लगदा थोडासा असणं नेहमीचं आहे, गिअर झिजतात. पण बोटाला टोचणारे कण, चकाकणारे तुकडे, दाताचा टवका दिसला तर गिअरबॉक्स खोलावाच लागेल, नवीन ऑइल भरून चालवायचा मोह टाळा, तो तुटका तुकडा बाकीच्या दातांमधून फिरतो आणि मग सगळा सेट जातो.

ऑइल स्वच्छ निघालं तरी भरायच्या आधी प्रेशर टेस्ट करा. ऑइल रिकामं, वरच्या भोकात गेज असलेला छोटा हातपंप, खालचा प्लग बंद. १० ते १२ पीएसआय हवा भरा, त्याच्या फार वर जाऊ नका नाहीतर चांगला सीलच बाहेर ढकलला जाईल. पाच मिनिटं काटा हलता कामा नये. या वेळात शाफ्ट फिरवा, गिअर टाका, काढा, कारण वाकलेल्या शाफ्टचा सील एकाच स्थितीत गळतो. काटा उतरला तर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे जिथे तिथे दोष: पंख्याचा सील, गिअर रॉडचा सील, प्लगचं वॉशर, किंवा बॉडीला केसासारखी चीर.

सगळं ठीक असेल तर ऑइल नेहमी खालून भरायचं, पंपाने, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत. मग आधी वरचा प्लग लावा, त्यानंतरच खालून पंप काढून खालचा प्लग. दोन्ही वॉशर नवीन. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं, यामाहाच्या बहुतेक आऊटबोर्डना हायपॉइड एसएई ९०. वरून भरलं तर आत हवा राहते आणि ऑइल कमी बसतं.

स्केग आणि बॉडी

पंख्याखालचं जे पातं असतं ते स्केग, त्याचं काम पंख्याच्या आधी मार खाणं आणि होडी सरळ ठेवणं. टोकाचा लहान तुकडा गेला असेल तर कानस मारून चालवा. बराच गेला असेल तर स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं आणि पुढची ठोकर थेट पंख्याला. आर्गन वेल्डिंगने तुकडा जोडता येतो, पण ऑइल पूर्ण काढून, जवळचे सील काढून किंवा नंतर बदलायची तयारी ठेवून, आणि धातू पांढरा स्वच्छ होईपर्यंत घासून, कारण खारट पाणी आणि तेल मुरलेल्या ॲल्युमिनियमवर वेल्ड भुसभुशीत होतो. वेल्डिंगनंतर प्रेशर टेस्ट परत.

गिअरबॉक्सच्या बॉडीलाच चीर असेल तर एम-सील लावून घरी येता येतं, तेवढंच. तो इलाज धंद्यासाठी नाही. आणि उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर इपॉक्सी प्रायमर मारा, तांबं असलेला तळाचा रंग त्याला कधीच लावू नका, खाऱ्या पाण्यात तांबं ॲल्युमिनियमला खातं. बाकी धातूऐवजी स्वतः झिजणाऱ्या झिंकच्या अ‍ॅनोडवर कुठलाच रंग नको.

वरचा भाग, जो कुणी बघत नाही

दोघांनी करायचं काम. एकाने गिअरबॉक्स खालून धरून डावीउजवीकडे आणि पुढेमागे जोरात हलवायचा, दुसऱ्याने टॉर्च घेऊन क्लॅम्प ब्रॅकेट (ट्रान्समला पकडणारं), स्विव्हल ब्रॅकेट (ज्यावर इंजिन वळतं), टिल्टची म्हणजे इंजिन वर उचलायची पिन आणि ट्रान्समचे बोल्ट बघायचे. रंगात केसासारखी काळी रेघ दिसली की तिथला रंग खरवडा, बहुतेक वेळा खाली चीर असते. बोल्टच्या भोवती फायबरला जाळीसारख्या भेगा असतील, किंवा आतून ट्रान्समवर ठोकल्यावर एखाद्या ठिकाणी पोकळ, मऊ आवाज आला, तर आतलं लाकूड भिजलंय किंवा फायबर सुटलंय. ते आधी दुरुस्त करा, मग इंजिन. हायड्रॉलिक टिल्ट असेल तर इंजिन वर करून तासभर ठेवा, हळूहळू खाली आलं किंवा रॉडवर तेल दिसलं तर सिलिंडर दुखावलाय.

खालचा गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर

ठोकर गिअरमध्ये असताना, वेगात आणि इंजिन खाडकन बंद पडेल इतकी जोराची असेल तर बाकी काही दिसत नसलं तरी मी तो उतरवतो. उभ्या शाफ्टच्या स्प्लाइन बघायच्या, त्या सरळ रेषेत हव्यात, पिळ पडला असेल तर डोळ्यांना दिसतो. शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवा.

बोल्ट खाऱ्या पाण्यात पकडलेले असतात, तिथे घाई करून डोकं तोडू नका, स्प्रे, थोडी उष्णता, आवळ-सोड आवळ-सोड असं करत काढा. गिअर रॉड आधी सोडा. ट्रिम टॅबखाली, म्हणजे पंख्याच्या वर बसवलेल्या छोट्या पात्याखाली, एक लपलेला बोल्ट असतो बऱ्याच मॉडेलना, तो विसरून लोक पहार घालतात आणि बॉडी फोडतात. उतरवलंच आहे तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलर बदला, वाळूत रुतलेल्या होडीचा तर नक्कीच, वाळूने त्याची रबरी पाती आणि आतली वाटी दोन्ही घासलेली असतात.

परत बसवताना स्प्लाइनच्या बाजूला ग्रीस लावा पण शाफ्टच्या वरच्या टोकावर नको, तिथे ग्रीस साठून शाफ्ट पूर्ण वर जात नाही. बसत नसेल तर फ्लायव्हील हाताने इंजिनाच्या दिशेने किंचित फिरवा, दात जुळले की आपोआप वर जातं. बोल्ट आवळून जबरदस्तीने वर ओढायचं नाही. आत गिअर सेट बदलणं, शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावून फट जुळवणं हे मात्र सर्व्हिस मॅन्युअल आणि टूल असलेल्या मेकॅनिकलाच द्या.

आऊटड्राइव्ह असेल तर

इथे इंजिन बोटीच्या आत आणि पाय, म्हणजे गिअर आणि पंख्याचा भाग, ट्रान्समच्या बाहेर, मुंबई-गोव्याकडच्या स्पीडबोटींना असतं तसं. वरचं सगळं लागू आहे, पण मोठा धोका वेगळा आहे, बेलोज. पाय आणि ट्रान्समच्या मध्ये रबराच्या घडीच्या नळ्या असतात, त्यातली एक युनिव्हर्सल जॉइंटभोवती, म्हणजे शाफ्टच्या वाकणाऱ्या सांध्याभोवती. ठोकरीने पाय वर उडाला आणि ती नळी फाटली तर पाणी आधी गिम्बल बेअरिंगमध्ये, म्हणजे ट्रान्सममधून शाफ्ट जातो तिथल्या बेअरिंगमध्ये, आणि मग बोटीत. म्हणून ठोकर लागलेली आऊटड्राइव्हची बोट तपासल्याशिवाय रात्री पाण्यात बांधून ठेवू नका, आणि ठेवावीच लागली तर बिल्ज पंप (तळाचं पाणी उपसणारा) आणि बॅटरी बघून ठेवा.

पाय उतरवल्यावर बेलोजमध्ये हाताचं बोट घालून पाणी किंवा गंज लागतो का बघा, गिम्बल बेअरिंग बोटाने फिरवा, खरखर जाणवली तर बदला, युनिव्हर्सल जॉइंट प्रत्येक दिशेला वाकवून बघा, कुठेही अडकता कामा नये. गिम्बल रिंग आणि हाउसिंगला चिरा, स्टिअरिंगला ढिलेपणा, ट्रिमच्या दोन्ही सिलिंडरच्या पिना, हे सगळं. पाय परत लावायच्या आधी अलाइनमेंट बार घालून बघा, दोन बोटांनी आतबाहेर सरकला पाहिजे, नाही सरकला तर इंजिनाचे माउंट ठोकरीने हललेत. गिअर ऑइलची वेगळी बाटली इंजिनाजवळ असेल तर तिची पातळी उतरणं किंवा रंग बदलणं हा पहिला इशारा. उलटसुलट फिरणारे दोन पंखे असतील तर एकालाच मार दिसला तरी दोन्ही शाफ्ट तपासा आणि पंखे जोडीनेच जुळवा.

लावून झाल्यावर

पंख्याच्या स्प्लाइनला मरीन ग्रीस भरपूर, वॉशर फोटोप्रमाणे, नट मॅन्युअलच्या टॉर्कला. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही. पिन नवीन, स्टेनलेसची.

चाचणी भरतीला, खोल मोकळ्या पाण्यात, पाहुणे न घेता. आधी जेटीला बांधून आयडलवर पुढचा-मागचा गिअर, मग हळू, मग पायरी पायरीने वेग. वेगाबरोबर थरथर वाढत गेली तर पंखा किंवा शाफ्ट, गिअर टाकल्यावरच करकर असेल तर गिअरबॉक्स, आऊटड्राइव्हला वळताना आवाज वाढला तर युनिव्हर्सल जॉइंट किंवा गिम्बल बेअरिंग. फुल थ्रॉटलला आरपीएम मॅन्युअलमध्ये दिलेल्या हद्दीत यायला हवेत, जास्त जात असतील तर दुरुस्तीत पिच कमी झालाय, एक इंच पिचने साधारण दीडशे-दोनशे आरपीएमचा फरक पडतो. परत आल्यावर हबवरची पेंटची रेघ बघा.

आणि पहिले दहाएक तास चालवून झाले की खालचा प्लग ढिला करून ऑइलचे दोन थेंब पुन्हा थाळीत घ्या. पांढरं नाही, टोचत नाही, तर धंद्याला लागा. गिअर किंवा बेअरिंग बदलले असतील तर याच वेळी सगळं ऑइल बदला, आणि चुंबक पुसून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी काय नवीन चिकटलंय ते कळेल. सिंधुदुर्गात २६ मे ते ३१ ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं, तेव्हा हंगामात जे उतरवायचं राहिलं असेल ते त्या दिवसांत उतरवा, ऑइल बदलल्याशिवाय इंजिन पावसाळाभर ठेवू नका, आत पाणी असेल तर त्या तीन महिन्यांत बेअरिंग गंजून जातात.